फिना उद्धट कशी झाली

"पाणी?"

वाढप्या ड्रिकेसने हा एकच शब्द असा काही उच्चारला, की शेजारच्या टेबलांवरचे काटे-चमचे हवेतच थांबले.

"हो, पाणी," हॅम्बुर्गहून आलेले ते गृहस्थ म्हणाले. गळ्यात रेशमी रुमाल, चेहऱ्यावर सभ्यता. "एक ग्लास. शक्य असेल तर."

"शक्य नसायला काय झालं, साहेब? बाहेर अख्खी ऱ्हाईन वाहतेय. मासे बरोबर आणलेत, की तेही आम्हीच सोडायचे?"

हॉल खदखदून हसला. गृहस्थ आधी लालबुंद झाले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती हातरुमालात तोंड लपवून हसत होती. मग त्यांनाही हसू फुटलं. तोवर त्यांच्यापुढे सडपातळ ग्लासातली बीअर येऊन उभी राहिली होती, न मागता.

नव्यानेच कामाला लागलेली फिना मात्र पाण्याचा जग, लिंबाची फोड आणि घडी घातलेला पांढरा नॅपकिन घेऊन निघालीच होती. ड्रिकेसने मागे वळूनही न बघता तिच्या एप्रनची गाठ पकडली.

"कुठे निघाली स्वारी?"

"त्यांना पाणी हवंय ना."

"ऐकलंय मी. तहानेनं एवढ्यात कुणी मरत नाही. आधी हसू दे त्यांना पोटभर."

जरा वेळाने त्याने स्वतःच पाणी नेऊन ठेवलं. चकार शब्द न काढता, लिंबाच्या फोडीसकट. हॅम्बुर्गच्या साहेबांनी वर पाहिलं, तर ड्रिकेस केव्हाच पुढच्या टेबलावर कुणाच्या तरी टोपीची चेष्टा करत होता. फिनाने हे पाहिलं आणि मनाशी खूणगाठ बांधली. 'वाकडा हंडा' या बिअरघरात माणसाला सगळं मिळतं, पण आधी थोडं सोलून घ्यावं लागतं.

कोलोनच्या जुन्या बिअरघरांत वाढणाऱ्याला क्योबेस म्हणतात. निळा एप्रन, कमरेला कातडी बटवा, कानामागे पेन्सिल, आणि जिभेला हाड नाही. क्योबेस कुणाला 'अहो' म्हणत नाही. महापौर आला तरी 'सरक तिकडे' आणि बिशप आला तरी 'तू काय घेणार?' रिकामा ग्लास दिसला की तो भरलेला ठेवून जातो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर एक रेघ ओढतो. पुरे झालं की चकती ग्लासावर ठेवायची. तोंडाने 'नको' म्हणून काही उपयोग नाही. ते क्योबेसला ऐकूच येत नाही.

आणि अशा ठिकाणी फिना केमरलिंग आली होती एका मोठ्या हॉटेलातून!

नदीकाठच्या त्या हॉटेलच्या भोजनगृहात तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तिथल्या बुटांना खाली नमदा लावलेला असायचा, पावलं वाजू नयेत म्हणून. उजवीकडून वाढायचं, डावीकडून कधीच नाही. पाहुण्याला आपला हात दिसला तर हरकत नाही, चेहरा लक्षात राहिला तर चूक. फिना त्यात इतकी तरबेज झाली, की एकदा एका बाईंनी तिच्या खांद्यावर कोट टांगला होता. मग भोजनगृह बंद झालं, त्याची व्यायामशाळा झाली, आणि चाळिशी उलटलेली फिना प्रशस्तिपत्रांची फाइल घेऊन गावभर हिंडली. सगळीकडे एकच उत्तर, "बघू, कळवू."

'वाकड्या हंड्या'च्या मालकीण रोगेनडॉर्फ बाईंनी ती फाइल उघडलीसुद्धा नाही. बाई दाराशी लाकडी खोपटात बसतात. त्याला सगळे कबुलीघर म्हणतात, कारण चर्चमधल्या कबुलीच्या खोक्यासारखंच ते दिसतं, आणि त्यातून बाईंना दोन्ही हॉल, पिंप आणि स्वयंपाकघराचं दार, सगळं दिसतं.

"कुठली तू?"

"डॉइट्झची."

"म्हणजे नदीच्या चुकीच्या काठावरची."

"हो, बाई."

"असू दे. तिकडेही कुणीतरी जन्माला यायलाच हवं. उद्यापासून ये."

ट्रामच्या थांब्यावर येऊन फिना रडली होती. कुणीतरी तिला विचारलं होतं, कुठली तू. हॉटेलात कुणी कधी विचारलं नव्हतं.

म्हणूनच ही जागा तिला हवी होती. नुसती हवी होती असं नव्हे. रोज सकाळी उघडायच्या आधी स्वयंपाकघराशेजारच्या लांब टेबलावर सगळे मिळून न्याहारी करायचे, कालचा पाव, सॉसेज, कॉफी, आणि एकमेकांची यथेच्छ टिंगल, तेव्हा फिनाला वाटायचं, देवा, मला इथेच राहू दे. पण ते सोपं नव्हतं. ड्रिकेसचे गुडघे गेले होते. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला तो निवृत्त व्हायचा होता, आणि त्याचा समोरचा हॉल कुणाला द्यायचा हे बाईंनी ठरवलं नव्हतं. जागा एकच. दावेदार दोन. एक फिना. दुसरा डुसेलडॉर्फचा, म्हणजे कोलोनच्या हाडवैरी शहराचा, एक धिप्पाड माणूस.

"डुसेलडॉर्फचा?" नेहमीच्या टेबलावरचा हुपर्ट ओरडला. हुपर्टचं चपलाबुटांचं दुकान पलीकडच्याच गल्लीत, पण तो सापडायचा इथे. "बाई, त्यापेक्षा बिअरघराला आग लावा! माझ्याकडे काडेपेटी आहे."

"तो निदान तोंड तरी उघडतो," कबुलीघरातून आवाज आला. "आणि ही आमची राजकन्या! काल खुर्चीला हिचा पाय लागला, तर खुर्चीला 'माफ करा' म्हणाली."

हे खरं होतं.

'हिला मी तयार करतो' असं बाईंशी भांडून शिकवणी ड्रिकेसने घेतली. न्याहारी झाली की तो रिकाम्या टेबलावर बसायचा आणि गिऱ्हाईक व्हायचा.

"मी नोटरी आहे. नवा कोट घातलाय. चल, बोल काहीतरी."

फिनाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घसा साफ केला. "तुझा कोट..."

"हां."

"...फारच छान आहे."

ड्रिकेसने कपाळ टेबलावर टेकलं.

"अगं पोरी, शिवी द्यायची नसते. शिवी काय, कुणीही देतं. टोमणा मारायचा असतो, आणि त्यासाठी आधी माणूस बघावा लागतो. त्याला स्वतःचं काय आवडतं ते हुडकून काढायचं आणि बरोब्बर तिथे बोट ठेवायचं. त्याला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. आणि जिथे दुखतंय तिथे हात लावायचा नाही. कळलं?"

माणूस बघणं फिनाला येत होतं. तेच तर तिला येत होतं! हॉटेलात अदृश्य राहून राहून तिचे डोळे असे तयार झाले होते, की दारातून आत आलेली जोडी भांडून आली आहे की भांडायला आली आहे, हे ती कोट काढायच्या आधी सांगायची. मेनू पाठ असूनही जो माणूस तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, त्याला घरी बोलायला कुणी नाही, हे तिने ओळखलं होतं. पहिल्यांदाच भेटणारी प्रेमी मंडळी रक्ताचं सॉसेज कधी मागवत नाहीत आणि लग्नाला बरीच वर्षं झालेली माणसं एकमेकांच्या ताटलीत न विचारता मीठ घालतात. बाजारात भाजी विकणारी एक बाई जेवताना टेबलाखाली बूट काढून ठेवायची. फिना तिच्या पायांजवळून जाताना हळूच वळसा घालायची. हे सगळं ती बघायची. बोलायची मात्र नाही.

आणि तरीही माणसांनी तिला सांभाळून घेतलं. सुरुवातीच्या दिवसांतच तिच्या हातून ग्लासांनी भरलेला गोल ट्रे निसटला. दांड्याचा तो ट्रे जमिनीवर गडगडत गेला, काचा आणि फेस हॉलभर. फिना पुतळ्यासारखी उभी. तेवढ्यात शेगडीजवळच्या टेबलावरून एक चिरका आवाज आला.

"वा गं वा! अखेर एकदाचा आवाज काढलास!"

ती स्टीना. हॉल हसून कोसळला, कुणीतरी झाडू आणला, कुणी टाळ्या वाजवल्या, आणि फिनाला ओशाळायचं राहूनच गेलं. स्टीना आणि तिचा नवरा बाल्टेस नेटेसहाइम दर गुरुवारी दुपारी यायचे. बाल्टेसने जन्मभर ट्राम हाकली होती, आणि त्यावरून स्टीना त्याला हॉलसमोर सोलायची. "हा माणूस रुळाशिवाय चालू शकत नाही. लग्नाच्या दिवशी चर्चमधून बाहेर पडताना घंटी शोधत होता." बाल्टेस मख्खपणे बीअर प्यायचा आणि म्हणायचा, "आणि ही तिकीट न काढता चढली."

उन्हाळा संपता संपता स्टीना गेली. झोपेत गेली.

अंत्यविधीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी बाल्टेस दारात उभा राहिला. एकटा, हॅट हातात. त्या दिवशी ड्रिकेस गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेलेला, समोरचा हॉल फिनाकडे. नेहमीच्या टेबलावरची माणसं उठून उभी राहिली. हुपर्टने त्याचा हात हातात घेतला आणि नुसताच हलवत बसला. एवढा मोठा हॉल, पण चमचा ताटलीवर ठेवल्याचा आवाज येत होता.

फिनाने मनाशी म्हटलं, या माणसासाठी आपण काय काय करू शकतो? जे तिला उत्तम येत होतं ते सगळं तिने केलं. तो येण्याआधीच तिने शेगडीजवळच्या टेबलाची दुसरी खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली होती, त्याच्या डोळ्यांत ती सलायला नको म्हणून. कोरा टेबलक्लॉथ घातला. नॅपकिनची घडी घातली. उजव्या बाजूने वाकून, अगदी मखमली आवाजात ती म्हणाली, "नमस्कार, नेटेसहाइमसाहेब. आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटलं. आपल्याला काय आणू? आधी थोडं पाणी आणू का?"

बाल्टेसने तिच्याकडे पाहिलं. ती बोलत होती ती भाषाच ओळखीची नसावी तसं.

"इथली खुर्ची कुठे गेली?"

"मी हलवली, साहेब. म्हटलं, आपल्याला त्रास नको."

फिनाने आणलेली बीअर त्याने प्यायली, एकच. मग चकती ग्लासावर ठेवली. पैसे ठेवले, हॅट घातली, आणि दाराशी जाता जाता अगदी अदबीने म्हणाला, "आभारी आहे, बाईसाहेब."

हुपर्टच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. बाल्टेसने 'वाकड्या हंड्या'त कुणाचे आभार मानल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"कारंज्याशेजारच्या केकवाल्याकडे बसतो आताशा," हुपर्टने बातमी आणली. "मी काचेतून पाहिलं. एक गुलाबी एप्रनवाली पोरगी त्याला 'साहेब' म्हणत होती. आणि तो कॉफी पीत होता, बाई! कॉफी! भर दुपारी, शुद्धीवर असताना."

रोगेनडॉर्फ बाईंनी फिनाला कबुलीघरापाशी बोलावलं.

"काय बोललीस तू त्याला?"

"काहीच नाही, बाई. फक्त सांत्वन केलं."

"झालं मग!" बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "हे बघ, तू कष्टाळू आहेस. तुझ्या हातून ग्लास फुटला तो एकदाच. मला तू आवडतेस, हे मी परत बोलणार नाही, ऐकून घे. पण ही माणसं माझ्या बापाच्या वेळेपासून येतात. ज्याच्या हाताखाली बाल्टेस टिकत नाही त्याला मी हा हॉल कसा देऊ? तो डुसेलडॉर्फवाला सोमवारी उत्तर मागतोय."

"म्हणजे माझ्याकडे हा गुरुवार आहे."

"तुझ्याकडे हा गुरुवार आहे."

फिना मागच्या अंगणात रिकाम्या पिंपांमध्ये जाऊन बसली. ड्रिकेस लंगडत तिच्यामागे आला आणि एका पिंपावर कण्हत टेकला.

"मी त्याच्या दुःखाचा मान राखला," ती म्हणाली. "यात माझं काय चुकलं?"

"मान परक्याचा राखतात. तू त्याला परका केलास." ड्रिकेस गुडघा चोळत राहिला. "अगं, त्याची मुलगी आता त्याच्याशी हळू बोलते. पाद्री हळू बोलतो. शेजारीण सूप आणून देते ती जिन्यावरून चवड्यांवर चालत येते. सगळं घर कसं कापूस घातल्यासारखं झालंय त्याचं. तो इथे आला, म्हटलं निदान इथे तरी कुणी आपल्यावर खेकसेल. आणि तू काय केलंस? नॅपकिनची घडी."

फिना एप्रनच्या टोकाची घडी घालायला लागली, मग तिने ती मोडली.

"आणि खुर्ची," ती म्हणाली.

"आणि खुर्ची," ड्रिकेस म्हणाला.

"पण तूच म्हणालास, दुखतंय तिथे हात लावायचा नाही."

"म्हणालो खरा." त्याने डोकं खाजवलं. "आता मलाही सगळंच ठाऊक असतं तर माझे गुडघे गेले असते का?"

गुरुवार उजाडला तो ऑक्टोबरच्या स्वच्छ, पिवळ्या उन्हाचा. दुपारी ट्राम थांब्यावर थांबली आणि बाल्टेस उतरला. 'वाकड्या हंड्या'च्या दारावरून न जाता त्याला कारंज्याकडे जाताच येत नव्हतं, आणि तो बरोबर पलीकडच्या फुटपाथने, नजर समोर ठेवून निघाला होता. फिना खिडकीतून बघत होती. हातातला ट्रे तिने हुपर्टच्या मांडीवर ठेवला.

"अगं, अगं! हे काय?"

"धर जरा. बूट तर विकत नाहीस, हात रिकामेच आहेत तुझे."

हुपर्टने आ वासला. ती दारात जाऊन उभी राहिली. चौकात बायका बाजार करत होत्या, एक पोलीस सायकल पुसत होता, आणि तो पाठमोरा माणूस हळूहळू लांब चालला होता, खांदे पडलेले, हॅट नीट. आता नाही तर कधीच नाही. फिनाने आयुष्यात पहिल्यांदा पोटातून आवाज काढला.

"ए ट्रामवाल्या! थांबा चुकलास की रे!"

चौक थबकला. पोलिसाने वर पाहिलं. बाल्टेस जागच्या जागी उभा राहिला, वळला नाही.

"ऐकू येत नाही का? का घंटी वाजवू?"

आता तो वळला. सावकाश, वळणावर ट्राम वळते तसा.

"माझ्यावर ओरडतेस?" तो रस्त्यापलीकडून म्हणाला.

"मग काय त्या पोलिसावर? केकवाल्याकडे निघालास ना? जा, जा. क्रीम खा. तुझ्या मिशीला शोभेल."

"तुमची बीअर गरम असते!"

"तू पीतच नाहीस तर गरम होईल नाहीतर काय! तुझी वाट बघून बघून पिंपाला ताप आलाय!"

बाजारातली कुणी बाई खुदकन हसली. बाल्टेसच्या मिशीचं एक टोक हललं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, जन्मभराच्या सवयीने, आणि रस्ता ओलांडला.

"बाजूला हो," दारात येऊन तो फिनाला म्हणाला. "वाट अडवून उभी आहेस गाईसारखी."

"हॅट काढ. चर्चमध्ये काढतोस, इथे काय झालं?"

शेगडीजवळच्या टेबलाला आज दोन्ही खुर्च्या होत्या. टेबलक्लॉथ नव्हता. बाल्टेसने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि आपल्या जागेवर बसला. बीअर आली. दुसरी आली. किसलेल्या बटाट्याची धिरडी आली, सोबत सफरचंदाचा गर, नेहमीसारखा. हॉल गप्पा मारत असल्याचं सोंग करत होता, पण सगळ्यांचे कान शेगडीकडे. कबुलीघरात बाईंचा चष्मा चमकत होता.

तो खायला लागला. मऊ, पिवळा मधला भाग काट्याने कापून कापून खाल्ला. फिना ग्लास बदलायला आली तेव्हा ताटलीत फक्त कडा उरल्या होत्या, तपकिरी, जाळीदार, कुरकुरीत कडा, ताटलीच्या काठाशी नीट रचून ठेवलेल्या. काटा बाजूला ठेवून तो त्यांच्याकडे बघत बसला होता.

"काय झालं? नाही आवडल्या?"

"कडा ती खायची," बाल्टेस म्हणाला. "मला कधी मिळाल्याच नाहीत. मी मधलं, ती कडा. आता..." त्याने हात नुसताच हवेत उडवला. "बांधून तरी कुणासाठी नेऊ?"

हुपर्टने मान खाली घातली. ड्रिकेस ट्रे घेऊन खांबापाशी थिजला होता, आणि त्याच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, नको, फिने, इथे नको. इथे दुखतंय.

फिनाला ते दिसलं. तिला हेही दिसलं, की इतक्या दिवसांत कुणी या माणसासमोर स्टीनाचं नाव काढलेलं नाही. सगळे तिच्या नावाभोवती चवड्यांवर चालत होते, त्या सूपवाल्या शेजारणीसारखे. हॉटेलात शिकलेलं सगळं तिच्या अंगात एकदम ओरडून उठलं. पाहुण्याच्या ताटलीला हात! या धंद्यात याहून मोठं पाप नाही.

तिने हात घातला. सगळ्यात मोठी, सगळ्यात कुरकुरीत कड बोटांनी उचलली, आणि तिथेच उभ्या उभ्या, कर्रकन आवाज करत खाल्ली.

खांबापाशी ड्रिकेसने डोळे मिटून घेतले.

"स्टीना शहाणी होती," घास गिळून फिना म्हणाली. "खरा माल ती न्यायची आणि तुला लगदा ठेवायची. आणि तुला वाटायचं, बायको प्रेमाने मऊ मऊ भरवतेय."

बाल्टेसचा चेहरा आधी पांढरा पडला. मग ओठ हलले. मग पोटातून कसलासा आवाज आला, आणि कुणाला कळेना की हा रडतोय की हसतोय. त्याचं त्यालाही कळत नव्हतं. डोळ्यांतून पाणी मिशीत उतरलं, मिशीतून फेसात, आणि तो टेबलावर मूठ आपटत म्हणाला, "चोरटी! अस्सल चोरटी! एवढी वर्षं! एवढी वर्षं मला ती सांगत होती की कडा दातांना वाईट असतात!"

"सांगत होती, आणि तू ऐकत होतास!"

"तिच्या दातांना बऱ्या चालायच्या!"

"तिला दात होते, तुला मिशी होती!" हुपर्ट मागून ओरडला, आणि मग सगळा हॉलच बोलायला लागला. कुणाला स्टीनाने काय म्हटलं होतं, कुणाच्या लग्नात तिने कसा गोंधळ घातला होता, कुणाच्या सासूला तिने तोंडावर काय सांगितलं होतं. बाल्टेस या टेबलाकडून त्या टेबलाकडे मान वळवत ऐकत होता, मधेच 'खोटं, साफ खोटं' म्हणत होता, आणि तेच परत सांगायला लावत होता. फिना येत होती, जात होती, ग्लास ठेवत होती. उरलेल्यांतली एक कड त्याने तिच्या हातून वाचवण्यासाठी घाईघाईने तोंडात टाकली. डोळे मिटून चावली.

"बरी लागते," तो म्हणाला. जरा थांबून, "फार बरी लागते."

निघताना त्याने फिनाचे आभार मानले नाहीत. दाराशी थांबून म्हणाला, "पुढच्या गुरुवारी धिरडी जास्त भाज. आणि हात धुऊन ये."

"तू मिशी धुऊन ये."

तो गेल्यावर कबुलीघरातून टकटक झाली. फिना जाऊन उभी राहिली. हातातलं फडकं ती पिळत होती, कोरडं होतं तरी.

"मघाशी गिऱ्हाइकाच्या ताटलीतलं खाल्लंस," रोगेनडॉर्फ बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"माझ्या बापाने बघितलं असतं तर हाकलून दिलं असतं."

"हो, बाई."

"माझा बाप मेलाय." बाईंनी टेलिफोन पुढे ओढला. "डुसेलडॉर्फला फोन लावते. बिचारा. तिकडेच राहावं लागणार त्याला. जा, उभी काय राहिलीस, तीन नंबरवर सगळे ग्लास रिकामे आहेत!"

फिना तीन नंबरवर गेली. तिथे कोण बसलं होतं, तिने काय ठेवलं, तिला काही आठवत नाही. एवढंच आठवतं, की सगळ्या खिडक्यांमधून ऊन आत आलं होतं आणि प्रत्येक ग्लास पिवळाधमक दिसत होता. आणि आपल्याला इथे सगळे नावाने ओळखतात.

संत मार्टिनच्या दिवशी सकाळी, उघडायच्या आधी, लांब टेबलावर ड्रिकेसची शेवटची न्याहारी झाली. त्याने एप्रन बांधला नव्हता, त्यामुळे तो भलताच किडकिडीत दिसत होता, कुणा दुसऱ्याच माणसासारखा. सगळ्यांनी त्याची आळीपाळीने यथासांग टिंगल केली. फिना मात्र आदल्या रात्रीपासून मनात वाक्यं जुळवत होती. तू मला शिकवलंस. तू माझ्यासाठी बाईंशी भांडलास, मला माहीत आहे. तुझ्यामुळे मला आवाज मिळाला. एकाहून एक सुरेख वाक्यं. आणि त्यातलं एकही या टेबलावर चालण्यासारखं नव्हतं.

"ड्रिकेस."

"काय गं?"

"तुझ्या गुडघ्यांचे फार उपकार झाले."

ड्रिकेस पाव चावायचा थांबला.

"ते वेळेवर गेले म्हणून," फिना म्हणाली. तिचा आवाज जरा थरथरला, पण तिने तो खाली पडू दिला नाही. "नाहीतर तू काही इथून हलला नसतास, आणि मला जन्मभर तुझं हे थोबाड बघावं लागलं असतं. रोज सकाळी. कॉफीच्या आधी."

ड्रिकेस तिच्याकडे बघत राहिला. मग पाव पुन्हा चावायला लागला, खूप वेळ, त्या पावात एवढं चावण्यासारखं काही नसताना.

"लांबलं," शेवटी तो म्हणाला. "'थोबाड' वर थांबायला हवं होतंस. टोमणा आखूड हवा."

असं म्हणून त्याने आपल्या ताटलीतला सॉसेजचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या ताटलीत टाकला, आणि खिडकीकडे तोंड करून मोठमोठ्यांदा नाक शिंकरत बसला.

"दार उघड जा," तिच्याकडे न बघताच तो म्हणाला. "बाहेर माणसं गारठलीत. तुझी माणसं आहेत ती."